पंचांचा निर्णय अंतिम, पण त्याआधीचे काय?

डिसेंबर लागला की मोहल्ल्यामोहल्ल्यांतून मोबाइलवर पत्रके फिरू लागतात. ‘पाच-पाचची फुटबॉल टूर्नामेंट. आठ टीम. एंट्री फी 1500 रुपये. पहिले बक्षीस 7000, दुसरे 3000. पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ संपले नियम. बाकीचे सगळे मैदानावर, आवाज चढवून ठरते.

अशी पत्रके घेऊन मुले आमच्याकडे येतात ती शुद्धलेखन तपासायला. (‘स्पर्धा’ हा शब्द दरवर्षी नव्या पद्धतीने चुकतो.) या वेळी शुद्धलेखनाच्या पुढे जाऊन लिहीत आहोत, कारण आमच्या ओळखीच्या एका गावात गेल्या वर्षी फायनलला एका टीमने बाहेरचा खेळाडू उतरवला आणि त्यावरून दोन मोहल्ल्यांतली सलाम-दुआ बंद झाली. शब-ए-बरातला कब्रस्तानातसुद्धा पोरे एकमेकांकडे पाठ करून उभी होती.

आधी पैशाचे बोलू. वरच्या पत्रकाचा हिशेब मांडा. आठ टीमचे 12,000 रुपये जमले. त्यातले 10,000 बक्षिसात गेले, 2,000 मैदानाला. म्हणजे सगळ्यांनी पैसे लावले, दोघांनी उचलले, सहा टीम रिकाम्या हाताने घरी गेल्या. सूरह माइदाच्या 90व्या आयतीत शराबसोबत ज्या मैसिरचा, म्हणजे जुगाराचा, उल्लेख आहे, त्याच्याशी या हिशेबाचे नाते फार जवळचे आहे. ‘पण मास्टर, क्रिकेटवालेही असेच करतात,’ हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. क्रिकेटवाले करतात म्हणून ते जायज होत नाही.

यातून वाट आहे आणि ती अवघड नाही. एंट्री फी घ्या, पण ती मैदानाचे भाडे, बॉल, पाणी, रेफ्रीचे मानधन आणि मलमपट्टी एवढ्यावरच खर्च करा. हिशेब लिहून ठेवा, उरले तर टीमना परत द्या. बक्षीस मात्र न खेळणाऱ्याने द्यावे. मोहल्ल्यातला एखादा दुकानदार, आखातात असलेला कुणाचा चाचा, किंवा जमातीतले चार लोक मिळून. रोख नसली तरी चालेल, जिंकलेल्या टीमला बुटांचे जोड मिळाले तर वर्षभर कामाला येतात. बारकाव्यांत मतभेद आहेत, तेव्हा पत्रक छापण्यापूर्वी आपल्या मुफ्तीसाहेबांना हा हिशेब दाखवा. छापून झाल्यावर दाखवू नका, तेव्हा कुणालाच नवे काही ऐकायचे नसते.

दुसरी गोष्ट यादीची. प्रत्येक टीमने आठ नावे द्यावीत, पाच मैदानात आणि तीन बाहेर. यादी आदल्या रात्री इशानंतर बंद. आधार कार्डावरचे वय आणि पत्ता तेव्हाच पाहून घ्यावा, सामना सुरू झाल्यावर नाही. बाहेरचा खेळाडू चालणार असेल तर किती, एक की दोन, ते लिहावे. चालणार नसेल तर तेही लिहावे. एका खेळाडूचे नाव दोन यादींत आले तर तो दोन्हींतून बाद. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करू द्यावेत, लहान मैदानावरच्या फुटसालच्या नियमांतही तसेच आहे. त्याला आम्ही आमची एक अट जोडू: यादीतल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात निदान पाच मिनिटे मिळालीच पाहिजेत. नाहीतर आठवा मुलगा दिवसभर बाटल्या भरत राहतो आणि त्याची अम्मी त्याचा जर्सीतला फोटो नातेवाइकांना पाठवत राहते.

खेळाचे नियम नव्याने शोधायची गरज नाही. फुटसालचे घ्यावेत. ऑफसाइड नाही. बॉल बाजूने बाहेर गेला तर हाताने फेकायचा नाही, रेषेवर ठेवून पायाने मारायचा, तोही चार सेकंदांत. पेनल्टी सहा मीटरवरून. सर्वांत उपयोगी नियम फाऊलच्या मोजणीचा आहे. एका हाफमध्ये टीमचे पाच फाऊल झाले की सहाव्यापासून समोरच्याला भिंत न लावता थेट किक मिळते. लहान मैदानावर धसमुसळेपणा रोखायला यासारखा उपाय नाही, कारण दादागिरी करणाऱ्याला त्याचीच टीम आवरते. पाठीवर पाटी घेऊन मोजणारा एक माणूस मात्र टेबलावर बसवावा लागतो. घसरून पाय घालणे फुटसालमध्ये चालते, पण टर्फवर गुडघे सोलून निघतात, म्हणून हौशी स्पर्धेत ते बंदच ठेवावे. लोखंडी खिळ्यांचे बूट नकोत.

गोलपोस्टवर मात्र जरा थांबू. भाड्याने आणलेले हलके पोस्ट नुसते जमिनीवर टेकवून ठेवतात आणि सामना संपला की लहान मुले आडव्या दांडीला लोंबकळतात. पोस्ट उलटून मुले जगभरात दगावली आहेत. मागच्या दांडीवर वाळूच्या पोती ठेवा, दोऱ्यांनी बांधा, आणि सकाळी रेफ्रीने स्वतः हलवून पाहावे. डोक्याला मार लागलेला मुलगा ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही, हेही पत्रकात हवे.

आता वेळ. चार-चारचे दोन गट केले तर गटात 12 सामने, मग दोन सेमीफायनल आणि फायनल, असे 15. दहा-दहा मिनिटांचे हाफ आणि मधली ये-जा धरून सामन्याला अर्धा तास, म्हणजे साडेसात तास. सकाळी आठला सुरुवात केली तर साडेबारापर्यंत नऊ सामने होतात. मग जुहर आणि जेवण. दोनला उरलेले तीन. पुढे कोकणात आणि घाटावर वेळापत्रक वेगळे पडेल. कोकणात बहुतेक शाफई, तिथे या दिवसांत असर साडेतीन-पावणेचारच्या सुमारास होते, म्हणून आधी नमाज आणि मग सेमीफायनल. घाटावर हनफी असर साडेचारच्या आसपास, तिथे सेमीफायनल आधी उरकतात. दोन्हीकडे फायनल पाचला लावली की मगरिबच्या अजानआधी बक्षिसेही होतात. हे पत्रकातच छापले तर ‘फक्त दहा मिनिटे, मास्टर’ असे म्हणायला कुणी येत नाही. अगदी व्यावसायिक फुटबॉलही थांबते. एप्रिल 2021 मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेसच्या सामन्यात वेस्ली फोफानाला रोजा सोडता यावा म्हणून गोलकीपरने किक थोडी लांबवली होती.

चड्डी गुडघा झाकणारी असावी, किंवा आत लांब टाइट्स. मुलींचे सामने ठेवायचे असतील तर वेगळी वेळ आणि स्त्री रेफ्री पाहावी. डोक्यावरचा स्कार्फ फिफाने 2014 पासून अधिकृत नियमांत मान्य केला आहे, त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ ही सबब आता उरलेली नाही. मुंब्र्यात परचम या संस्थेच्या मुली फुटबॉल खेळतातच.

जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक. गुण सारखे झाले तर आधी आपसातला सामना पाहायचा की गोलफरक, हे ड्रॉच्या आधी ठरवा. सेमीफायनल बरोबरीत सुटली तर जादा वेळ न देता थेट पेनल्टी.

शिवीबद्दल एकच कलम पुरते. पहिल्यांदा दोन मिनिटे बाहेर, दुसऱ्यांदा त्या सामन्यातून बाद. आणि शिवी रेषेबाहेर उभ्या असलेल्या मामूंनी किंवा चाचांनी दिली, तर त्यांच्याच टीमच्या खात्यात एक फाऊल लिहावा. हे कलम वाचून मुले खूश होतात. मोठ्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

शेवटी रेफ्री. तो दोन्ही मोहल्ल्यांबाहेरचा असावा, त्याचे मानधन सकाळीच पाकिटात द्यावे आणि सगळे नियम मोठ्या कागदावर लिहून टेबलामागे लावावेत. आठही कप्तानांच्या सह्या त्याच कागदाखाली, ड्रॉच्या रात्री.