काळ्याचे सोनेरी एका दुपारी होत नाही

भात, नारळ आणि काजू यांच्या पानावर केसांच्या रंगाचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. परंतु पेडणे व डिचोली तालुक्यांतील घराघरांत आज हा विषय निघत आहे. मोरजी, मांद्रे, हरमलच्या हॉटेलांत किंवा मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागलेली मुले-मुली पहिल्या दोन-तीन पगारांतच केस सोनेरी किंवा राखाडी करून घेण्याचे मनावर घेतात. नाताळ झाला की लग्नसराई येते, आणि नवरीलाही हौस असते. आमचा ह्या हौसेला विरोध नाही. मात्र डोक्यात जे चित्र घेऊन माणूस पार्लरमध्ये शिरतो, त्या चित्राबद्दल आम्हांस चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

केसाचा जिवंत भाग कातडीच्या आत, मुळाशी असतो. बाहेर दिसतो तो निर्जीव असतो. कापणी झालेल्या पेंढ्याला कितीही पाणी घातले तरी तो पुन्हा हिरवा होत नाही, तसेच एकदा जळालेल्या केसाचे आहे. कोणतेही तेल वा मलम त्याला चकाकी देईल, मऊपणा देईल, पण पूर्ववत करणार नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडा अधिक वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचे टोक चार-पाच वर्षांपूर्वीचे असते. त्या टोकावर आज जी चूक होईल ती कात्रीने कापेपर्यंत तिथेच राहणार.

केसाच्या वरच्या थरावर मासळीसारखी खवली असतात. पक्क्या रंगातला अमोनिया ती खवली उघडतो व पेरॉक्साइड आत जाऊन मूळचा रंग मोडते. आपल्या केसांत दोन प्रकारचे रंगद्रव्य असते, एक काळे-तपकिरी व दुसरे तांबूस-पिवळे. पहिले लवकर मोडते, दुसरे चिवट असते. म्हणून काळा केस फिका करताना आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा होतो. धंद्यातील लोक ह्या वाटेच्या दहा पायऱ्या मोजतात. आपले केस बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असतात, आणि मासिकातील सोनेरी केस नवव्या-दहाव्या. नुसता डबीतला रंग फार तर तीन-चार पायऱ्या चढवितो, तोही पूर्वी कधी न रंगविलेल्या केसांवर. पुढे जावयाचे तर ब्लीच लागते, आणि ते एका बैठकीत पुरे करण्याचा हट्ट धरला तर केस तुटतात, टाळू भाजते.

“राखाडी मागितला आणि नारिंगी मिळाला” ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकतो. दरवेळी त्यात पार्लरवालीची लबाडी असते असे नाही. नारिंगी म्हणजे म्हापसा समजावे. पेडण्याहून पणजीला जाताना म्हापसा लागणारच. पार्लरवालीचा दोष एवढाच, की गाडी आज तिथपर्यंतच जाणार आहे हे तिने चढण्यापूर्वी सांगितले नाही. पाकिटावरील चित्रावरही भिस्त ठेवू नये, कारण आधी फिक्या केलेल्या केसांवर तो रंग तसा दिसतो. काळ्या केसांवर तोच रंग उन्हात किंचित झळकेल, एवढेच.

आधी रंगविलेल्या केसांची गोष्ट आणखी वेगळी. नव्या रंगाने जुना रंग उतरत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे काळ्या मेंदीची पुडी लावली आहे त्यांनी तर विशेष जपावे. काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात, आणि पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापून तुटण्याची भीती असते. आपल्या कुंपणावरची खरी मेंदी असे करीत नाही, पण तिचा तांबूस रंगही सहजी सुटत नाही. फणीला आलेले चार केस घेऊन त्यांवर आधी प्रयोग करून पाहावा. त्याला खर्च नाही.

पहिल्या दिवसाचे बिल हा खर्चाचा एक भागच. दोन महिन्यांत भांगाला दोन बोटे काळी दिसू लागतात. राखाडी, निळी छटा तर थोड्याच धुण्यांत विटते आणि खालचा पिवळा वर येतो. विहिरीच्या पाण्यात लोह असेल, बादलीला तांबडा डाग पडत असेल, तर फिका केस त्या पाण्याने पिंगट होतो. पोहण्याच्या तलावातील पाण्यात तांबे असले तर हिरवट. नवरीने हे सारे महिना-दोन महिने आधी उरकावे. रोसाच्या दिवशी नारळाचा रस आणि तेल डोक्यावर येणार, ते काढण्यासाठी पुन्हा पुन्हा शॅम्पू लागणार, आणि आदल्या दिवशी बसविलेली छटा त्यातच वाहून जाणार. नारळाच्या तेलाविषयी मात्र आम्ही वाईट बोलणार नाही. मुंबईच्या रेले व मोहिले ह्या संशोधकांनी 2003 साली दाखविले की धुण्यापूर्वी लावलेले खोबरेल केसातील प्रथिनांची गळती कमी करते, जे खनिज तेल किंवा सूर्यफुलाचे तेल करीत नाही. माका, जास्वंद खुशाल लावा. पण त्यांनी पांढरा केस मुळापासून काळा होईल ही आशा धरू नये.

आता वडीलधाऱ्यांविषयी. पिवळ्या केसांच्या मुलीला नावे ठेवणारे कितीतरी गृहस्थ दर महिन्याला स्वतःचे पांढरे केस काळे करतात. तोही मोठाच बदल आहे, आणि आमच्या मते अंगावर उठण्याच्या दृष्टीने अधिक धोक्याचा. पुष्कळशा काळ्या रंगांत, आणि काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांतही, पीपीडी नावाचे रसायन असते. दहा वर्षे काही न होता अकराव्या वर्षी त्याची अॅलर्जी उद्भवू शकते. कानामागे खाज, पाणी सुटणे, पापण्या सुजणे ही तिची लक्षणे. एकदा ती जडली की जन्मभर राहते. म्हणून दर खेपेस कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस थांबावे. भुवया, पापण्यांना हा रंग लावू नये, डोळे जाण्याची भीती असते. पीपीडीचा रंग पोटात गेल्यास गळा सुजून श्वास कोंडतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तेव्हा पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा कुलपात ठेवाव्यात, आणि काही झाल्यास घरगुती उपाय न करता तडक इस्पितळ गाठावे. त्वचेवर उठले तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे. पाकीट सोबत न्यावे.

आणि ज्या मुली दिवसभर हे काम करतात त्यांचे काय? घरी स्वतःचे केस रंगविण्याने कर्करोग होतो की नाही, ह्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेला निश्चित निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा मिळाला नाही. पण केशकर्तनाच्या व्यवसायात वर्षे काढणाऱ्यांना धोका संभवतो, असे तिने नोंदविले आहे. ब्लीचच्या भुकटीने दमाही जडतो. तरी बाजारात उघड्या हातांनी, बंद खोलीत रंग कालविणाऱ्या मुली दिसतात. मालकाने हातमोजे द्यावेत, खिडकी उघडी ठेवावी. आणि गिऱ्हाइकाने, खुर्चीत बसल्यावर, रंगाची छटा विचारण्याआधी हातमोजे आहेत का ते विचारावे.