दाहाची वर्दी

मुलाचा गुडघा खरचटला की घटकाभरात ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. मूल बंगळूरच्या मारतहळ्ळीतले असो वा कोल्हापुरातले, त्यात फरक पडत नाही. सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हीच चार लक्षणे नोंदविली होती. ती त्रासदायक असल्यामुळे दाह म्हणजे शत्रू, तो दिसताच दडपावा, असा समज रूढ झाला आहे. पेशीच्या आत काय घडते हे पाहिल्यास तो समज टिकत नाही.

जखमेत जीवाणू शिरले म्हणजे तेथील भक्षक पेशी टीएनएफ नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. ही धोक्याची वर्दी होय. शेजारच्या पेशींच्या पृष्ठभागावर ती स्वीकारणारी ग्राही प्रथिने असतात. पेशीच्या आत, केंद्रकाबाहेर, एनएफ-कप्पा-बी हे दुसरे प्रथिन आधीच तयार असते. परंतु आय-कप्पा-बी नावाचा पहारेकरी त्याला जखडून ठेवतो. वर्दी पोचताच एक विकर या पहारेकऱ्यावर फॉस्फेटची खूण करते आणि खूण झालेला पहारेकरी पेशीच्या मोडतोडीच्या यंत्रणेत नष्ट होतो. मोकळे झालेले प्रथिन केंद्रकात शिरते, डीएनएवरील सुमारे दहा अक्षरांच्या विशिष्ट क्रमाला बिलगते, आणि शेकडो जनुके कामाला लागतात. एवढे सारे काही मिनिटांत घडते.

हे प्रथिन रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी अमेरिकेत १९८६ साली शोधले. पेशीला नवी प्रथिने बनविण्यास औषधाने मज्जाव केला तरीही ते जागे होते, हे त्यांनी त्याच वर्षी दाखविले. म्हणजे शस्त्र घडवावे लागत नाही, ते म्यानातून उपसावे लागते. प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशींत प्रथम सापडल्यामुळे त्याला हे अवघड नाव मिळाले. पुढे ते शरीरातील जवळजवळ सर्व प्रकारच्या पेशींत आढळले, नाव मात्र तेच राहिले.

खरे मर्म याच्या पुढे आहे. जाग्या झालेल्या जनुकांत आय-कप्पा-बीचेही जनुक असते. नवा पहारेकरी तयार होतो, केंद्रकात जातो आणि त्या प्रथिनाला बाहेर ओढून आणतो. आपल्या अखेरीची तजवीज वर्दी स्वतःच करून ठेवते. दाह हा रोग नव्हे. न विझणारा दाह हा रोग होय. आमवातात सांधे झिजतात ते अशाच दाहामुळे.

म्हणून दाहशामक औषधाचे मोल ते केव्हा दिले यावर ठरते. स्टिरॉइड केंद्रकापर्यंत पोचून याच जनुकांना आवर घालते. ब्रिटनमध्ये २०२० साली कोविडच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस देण्यात आले. श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना काहीच लाभ झाला नाही. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाचे हजारो रुग्ण आढळले. कित्येकांना डोळा वा जबड्याचा भाग गमवावा लागला. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर ही त्याची प्रमुख कारणे होती. औषध तेच, परंतु पहिल्या तापालाच ते घेणे म्हणजे चोर घरात शिरत असताना राखणदाराला झोपविणे होय. चिठ्ठीवाचून ते दुकानात मिळावे, हे तर अक्षम्यच.

आमवातावर टीएनएफला अडविणारी औषधे १९९० नंतरच्या दशकात आली आणि असंख्य सांधे वाचले. परंतु क्षयाच्या सुप्त जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही टीएनएफच करते. ते अडविल्यावर काही रुग्णांत जुना क्षय पुन्हा उफाळून आला. म्हणून भारतासारख्या क्षयग्रस्त देशात अशा औषधाची पहिली सुई टोचण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करावी लागते.