माळावरची नेपती



आषाढी एकादशीचा उपवास सोडताना द्वादशीला तुमच्यापैकी अनेकांच्या घरी वाघाटीची भाजी होत असेल. होत नसली तरी आजीच्या तोंडून वाघाटीचे नाव ऐकलेले असणारच. या वाघाटीची एक सख्खी बहीण माळावर राहते. तिचे नाव नेपती. वाघाटीला वर्षातून एकदा तरी पानात मान मिळतो. नेपतीच्या वाट्याला मात्र कुऱ्हाड आणि पेटती काडीच येते. म्हणून या खेपेस तिच्याविषयी लिहितो.

नेपतीला संस्कृतात करीर म्हणतात, राजस्थानात केर. ही खरी वाळवंटाच्या मुलखातली. अरबस्तान, सिंध, मारवाड, कच्छ असा तिचा पसारा, आणि तिथून ती थेट आपल्या दख्खनच्या कोरड्या पठारापर्यंत उतरलेली आहे. अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव या कमी पावसाच्या पट्ट्यात ती अजून भेटते. पूर्वेकडे लातूर, नांदेडला यावे तसा पाऊस वाढतो, जमीन काळी व खोल होते, आणि नेपती विरळ होत जाते. आपल्याकडे ती शोधायची तर कसदार शेतात नव्हे. नांगर न शिरलेले मुरमाड बरड, गायरानाची कड, जुना रुंद बांध, अशा ठिकाणी पाहावे.

ओळखायला सोपी आहे. पुरुषभर उंचीचे हिरव्या काड्यांचे गचपण, आणि पान म्हणून नाही! कोवळ्या फुटीवर इवलीशी पाने येतात ती लगेच गळून जातात. पानातून पाणी उडते, तेव्हा पानच नको, असा तिचा हिशेब. अन्न तयार करण्याचे काम हिरव्या काड्या करतात. काडीवर काटे जोडीजोडीने असतात. मुळे खडकाच्या फटीतून खोल जातात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस आठवा. तसल्या उन्हाळ्यासाठीच ही झुडपे घडलेली आहेत.

भर्तृहरीने नीतिशतकात या करीराचा दाखला दिला आहे. वसंत येऊनही त्याला पान फुटत नाही, यात वसंताचा काय दोष, असे तो विचारतो. कवीला नशिबाची गोष्ट सांगायची होती, ती त्याने सांगितली. पण माझे मन त्याच्यावर थोडे रुसलेले आहे. त्याने पान पाहिले, फूल का पाहिले नाही? वसंतात नेपतीला पान नसते, पण फूल असते. फाल्गुन-चैत्रात, गवत वाळून माळ भाजून निघत असतो, तेव्हा या उघड्या काड्यांवर विटकरी-लाल फुलांचे झुपके येतात. लांब केसर बाहेर काढून बसलेली ही फुले पळसासारखी लांबून हाक मारीत नाहीत. जवळ जाऊन थांबावे लागते. मधमाशा मात्र न बोलावता येतात. काळ्या शिरांची पांढरी फुलपाखरे या झुडपावर अंडी घालतात. फळे पिकून लाल झाली की बुलबुल, साळुंक्या जमतात. सोलापूरकडच्या माळांवर माळढोक पक्षी होता. त्याच्यासाठी १९७९ साली तिथे अभयारण्य झाले. नेपतीची फळे हे त्याच्याही खाण्यातले. आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

गृहिणींसाठी दोन शब्द. हिरवी फळे तोंडात घालवणार नाहीत इतकी कडू-तिखट असतात. ती मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस बुडवून ठेवतात, पाणी बदलत राहतात, कडवटपणा गेला की मोहरी-तिखट घालून लोणचे करतात. मारवाडात हीच फळे वाळवून सांगरीबरोबर भाजीला वापरतात. समुद्रापारच्या देशांत हिच्या एका भाऊबंदाच्या कळ्या खारवून बरणीत भरतात आणि त्या चांगल्या महाग विकल्या जातात. मात्र जाणत्या म्हातारीने झाड दाखवल्याशिवाय कोणतेही रानफळ घरात आणू नका, आणि आणाल तेव्हा निम्मी फळे पाखरांना ठेवा. सांधेदुखीपासून दातदुखीपर्यंत हिची औषधे सांगणारे पुष्कळ भेटतील. ते वैद्यावर सोपवलेले बरे.

आता काळजीची गोष्ट. नेपती दुष्काळाला भीत नाही. शेळ्यांनी खुडली, कोणी तोडली, बांध पेटवून दिला, तरी मुळाशी जीव असतो आणि ती पुन्हा फुटते. मुळांवरून नवे धुमारे काढून ती हळूहळू जाळी वाढवते. पण जेसीबीच्या दातापुढे तिचे काही चालत नाही. तो मुळासकट उपटतो. ही फार सावकाश वाढणारी. गेलेली जाळी तुमच्या हयातीत पुन्हा तशी उभी राहील याचा भरवसा धरू नका. कागदावर माळाला 'पडीक' म्हटले की तो मोकळा करायला सगळेच सरसावतात. कोणी सोयाबीनसाठी सपाट करतो, कोणी खड्डे घेऊन गिरिपुष्प लावतो. आणि मोकळ्या गायरानात सगळ्यांच्या आधी घुसते ती परदेशातून आलेली वेडी बाभूळ. काटेरी म्हणून दोघींना एकाच मापाने तोडू नका.

बांध कोरण्यावरून भावाभावांत कज्जे होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या जागा न सोडणारी नेपतीची जाळी ही हद्दीची खूण म्हणूनही उपयोगाची आहे. तिच्या बुडाशी माती धरून राहते, तितर-सशांना आडोसा मिळतो.

तेव्हा येत्या चैत्रात गुरांमागे जाल तेव्हा बांधावरून नजर टाका. जाळी दिसली तर पोरांना दाखवा, आणि बांध नीट करायला यंत्र येईल त्या दिवशी स्वतः तिथे उभे राहा. आणखी लावायची हौस असेल तर पिकल्या फळाचे बी ताजे असतानाच मुरमाड कडेला टोचावे, नाहीतर पावसाळ्याच्या सुरुवातीस मुळावरचा धुमारा मुळासह काढून लावावा. पहिली काही वर्षे शेळ्यांपासून तेवढे राखावे लागेल.