लेखणी आमची, विषयही आमचाच

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. यात लपवण्यासारखे काही नाही, मिरवण्यासारखेही नाही. तरी हे कळले की दोन्हीकडच्या भुवया वर जातात. बाहेरचे म्हणतात, "अरे वा, तुमचे मराठी किती छान!" घरचे म्हणतात, "मियाँ, आपली जबान सोडून हे काय चाललंय?" पहिल्या कौतुकात आम्ही पाहुणे ठरतो, दुसऱ्या तक्रारीत फितूर. आम्ही या दोहोंपैकी कोणीही नाही.

पाहुणे समजणाऱ्यांनी आधी आपले लिहिण्याचे सामान तपासावे. कागद, शाई, दौत, मसुदा, मजकूर, दप्तर हे सारे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठीत मुरले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले, तरी कागद हा कागदच राहिला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहिला तो सतराव्या शतकात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बार्शीच्या अमर शेखांचा आवाज घुमला. हमीद दलवाईंची 'इंधन' कादंबरी १९६५ साली आली. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले. एवढे होऊनही आमच्या मराठीचे नवल वाटत असेल, तर कमतरता आमच्या मराठीत नाही, तुमच्या वाचनात आहे.

अडचणी आहेतच. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, वाचणारा ते ओळखून घेतो. मराठीत प्रत्येक वेलांटीचा हिशोब द्यावा लागतो. उर्दूला 'ळ' नाही, नपुंसकलिंग नाही. पण लिहिण्याची गोडीही इथेच आहे. उर्दूत 'हम' म्हटले की काम भागते. मराठीत 'आम्ही' की 'आपण', हे ठरवावे लागते. समोरच्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. अशा एका शब्दासाठी रात्री उशिरापर्यंत जागण्यात जे सुख आहे, ते कुठल्याही मानधनात नाही.

हे सुखच आमच्याकडून काढून घेतले जाते. विशेषांकासाठी मागणी येते ती तलाक, बुरखा, दंगल यांची. फार तर ईदच्या शिरखुर्म्याची. पावसावर लिहिले तर विचारतात, "यात तुमचे काय?" आमच्या अंगणात पाऊस पडत नाही काय? इकडे आपली मंडळीही काही कमी नाहीत. घरातले दुखणे लिहिले की 'समाजाची बदनामी' आणि प्रेमकथा लिहिली की 'फालतू धंदे'. एकाला आमच्याकडून साक्ष हवी, दुसऱ्याला वकिली. लेखक कोणालाच नको!

याची किंमत आमच्या वर्गातली मुले मोजतात. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि मराठी फक्त पेपरापुरती. गाइडमधला 'माझा आवडता सण' पाठ करून ती पास होतात. मराठीत आपले काही सांगता येते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. अशा मुलांतून उद्याचा लेखक कुठून येणार? आणि आला नाही, तर आपल्या मोहल्ल्याबद्दल दुसरेच लिहीत राहतील, आणि मग आपण कुरकुरत बसू.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, प्रत्येक उर्दू शाळेत उर्दू भित्तिपत्रकाशेजारी एक मराठी भित्तिपत्रक लावा. मुलांना त्यावर काहीही लिहू द्या: गल्लीतले भांडण, नानीचे औषध, हरवलेली बकरी. पहिल्याच खर्ड्यावर लाल शाईने वेलांट्या मोजू नका, शुद्धलेखन नंतर येईल. आधी मुलाला वाटू द्या की ही भाषा आपली आहे. आणि लिहिणाऱ्या मित्रांनो, परवानगीची वाट कोणाची पाहायची? विषय आपण निवडू. आपण लिहू.