तुकडा कोणाच्या पानात?

स्टेक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठे हॉटेल आणि काटे-चमचे येतात. वास्तविक भाजलेले मांस आणि घेवडा हे घरातले साधे जेवण आहे. इटलीत फ्लॉरेन्सकडे हाडासकट जाड कापलेला तुकडा निखाऱ्यावर भाजतात व शेजारी पांढरा घेवडा शिजवून वाढतात. त्या प्रांतातल्या लोकांना 'घेवडेखाऊ' हे जुने टोपणनावच आहे.

गोमांस आमच्या घरात येत नाही. म्हणून परवाच्या रविवारी मी बोकडाच्या अर्धा किलो चापा आणल्या. कच्च्या पपईचा गर, आले-लसूण व मीठ लावून दोन तास ठेवल्या आणि शेगडीवर भाजल्या. घेवडा रात्रीच भिजत घातला होता. (तो नीट उकळून शिजवावाच लागतो, अर्धाकच्चा पोटाला बाधतो.) शेजारच्या अज्जींनी "अवरेकाळू का नाही घातलेस?" म्हणून विचारले. पावटाही चालला असता.

पण मला लिहायचे आहे ते चवीबद्दल नाही. चापा आठ होत्या आणि आम्ही घरात चौघे. प्रत्येकाच्या पानात मी दोन-दोन वाढल्या. आईने आपल्यातली एक उचलून बाबांच्या पानात टाकली आणि दुसरी माझ्या. "मला रस्सा लागतो रे, तुम्ही खावा की," म्हणाली. त्या दिवशी रस्सा केलेलाच नव्हता!

तेव्हा माझ्या लक्षात आले की, इतकी वर्षे मटणाच्या पातेल्यात हेच चालले असणार. पळीने वाढताना कोणाला तुकडे गेले आणि कोणाला नुसता रस्सा, याची कीर्दीत नोंदच होत नाही. चापा मोजून होत्या, म्हणून तूट दिसली. आम्ही कॉमर्सची मुले कॉलेजात पै-पैचा ताळेबंद जुळवतो आणि घरचे पातेले मात्र कधी तपासत नाही.

कोणी म्हणेल, आईची माया अशीच असते, त्यात हिशेब कसला? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले, पुरुषांत हेच प्रमाण २५ टक्के. याला कारणे अनेक आहेत, सगळा दोष पानातल्या तुकड्याला देता येणार नाही. परंतु मांसातले लोह शरीरात लवकर मुरते, आणि मांस सोबत असले तर घेवड्यातले लोहही अधिक मुरते, हे शास्त्र सांगते. वर लिंबू पिळले तर उत्तमच. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको. म्हणजे ज्या पानात तुकडा नाही, त्या पानातला घेवडाही पुरा कामी येत नाही. मग ही माया कोणाच्या रक्तातून जाते, हे आपण विचारायचे की नाही?

आईला समजावून उपयोग नाही, हे मी पाहिले. तिला त्यागाची सवय आहे आणि आपल्याला तो घेण्याची. माझ्या मते वाढण्याचे काम आपण मुलांनी हातात घ्यावे आणि तिला आपल्याबरोबरच पंगतीला बसवावे. मित्रांना हे सांगितले तेव्हा एकजण हसून म्हणाला, "आता पळी घेऊन उभा राहणार काय?"

या रविवारी राहिलो. ताईने आईचे पान स्वतःच्या आणि भिंतीच्या मधोमध मांडले, म्हणजे बाबांच्या पानापर्यंत तिचा हात पोहोचेना. बाबा काही बोलले नाहीत, पण लिंबाची फोड त्यांनी तिच्याकडे सरकवली.