वाघीण कोणत्या सालची?

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनात रेल्वेचे मॉडेल हमखास असते. पुठ्ठ्याचे स्टेशन, रंगवलेल्या भुशाचे गवत आणि खाणीशेजारी उभी मालगाडी. परीक्षक म्हणून मी अशा मॉडेलपुढे एकच प्रश्न विचारतो, "हे कोणत्या सालचे?" बहुधा उत्तर येत नाही. कोळशाच्या खाणीपुढे तेलाच्या टाक्या आणि वीज केंद्राच्या दारात बंद डबे असा प्रकार असतो. मुलांना दोष कसा द्यावा? मालगाडीच्या डब्याला, म्हणजे वाघिणीला, स्वतःचा काळ असतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

तुम्ही म्हणाल, डबा तो डबा, त्यात भौतिकशास्त्र कुठले? पाहू या. १९६० नंतर कोळशासाठी 'बॉक्स' ही उघडी वाघीण रुळांवर दिसू लागली. लांबी १३.७ मीटर, भार सुमारे ५५ टन. १९८० नंतरच्या दशकात 'बॉक्सएन' आली. तिची लांबी १०.७ मीटर आणि भार सुमारे ५८ टन. डबा आखूड झाला आणि भार वाढला! कारण स्टेशनातल्या बाजूच्या रुळाची लांबी ठरलेली असते, गाडी त्यात मावलीच पाहिजे. ५८ बॉक्सएन वाघिणी सुमारे ६२१ मीटरमध्ये बसतात. तेवढ्याच जागेत बॉक्स बसतात फक्त ४५. आता तुम्हीच गुणाकार करा : एकीकडे जवळजवळ ३,४०० टन, दुसरीकडे २,५०० टनांच्या आत. लांबीत गेलेली जागा उंचीत भरून काढली, एवढीच युक्ती.

माल बदलला की हिशेबही बदलतो. आमच्या सावनेर तालुक्यात कोळसा आहे, तसे गुमगावला मँगनीजही आहे. बॉक्सएनचे घनफळ सुमारे ५६ घनमीटर. एक घनमीटर मँगनीज-खनिजाचा ढीग दोन टनांच्या आसपास भरतो. म्हणजे वाघीण निम्मी भरली की थांबावे लागते. मॉडेलमध्ये तिच्यात काठोकाठ खनिज भरलेले दिसले, की खऱ्या रुळांवर तिच्या आसांचे काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतोच. कापसाच्या गाठींना मात्र बंद वाघीणच हवी. इंजिनाची एक ठिणगी पुरे.

सालाची गंमत याहून मोठी आहे. नागपूर-छिंदवाडा हा सावनेरवरून जाणारा मार्ग २०१५ च्या अखेरीपर्यंत नॅरोगेज होता, रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर होते, म्हणून बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. ब्रॉडगेजची वाघीण देशभर फिरते, तिच्यावर कोणत्याही रेल्वेची अक्षरे असू शकतात. नॅरोगेजची वाघीण आपला मार्ग सोडून जाऊ शकत नाही. पुढचा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. तेव्हा तिच्यावरील अक्षरे चुकवून चालत नाही. १९५२ पर्यंत बंगाल-नागपूर, मग तीन वर्षे पूर्व, १९५५ पासून दक्षिण-पूर्व आणि २००३ पासून दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे. खाणीच्या पाटीवर वेस्टर्न कोलफील्ड्सचे नाव लिहिले, तर १९७५ च्या आधीचे साल बाद. आजच्या खापरखेडा वीज केंद्राचा पहिला संच १९८९ चा. तेथे बॉक्सएन शोभते.

काही शिक्षक म्हणतात, एवढा काटेकोरपणा मुलांना कशाला? मला हे पटत नाही. इंजिन चालवून दाखवणे सोपे आहे, पैसे दिले की ते मिळते. वाघीण ठरवायला मात्र विचारपूस करावी लागते. आता तो नॅरोगेज रूळ राहिलेला नाही. नागपूरला मोतीबागेतील संग्रहालयात जुनी इंजिने व डबे आहेत, परंतु मालधक्क्यावर कोणता माल कसा चढे हे संग्रहालयात ठेवता येत नाही. ते सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि कदाचित तुमच्याच गल्लीत राहतात. सुट्टीत वही घेऊन त्यांच्याकडे जा. कोळसा टोपलीने भरत की घसरगुंडीने, किती माणसे लागत, पावसाळ्यात काय करीत, ते विचारा. शिक्षकांना माझी सूचना एवढीच की मॉडेलच्या गुणांपैकी निम्मे गुण या वहीला द्यावेत.