चोर सोडून चेंडूला फाशी

आमच्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरलं की माणसाला पहिली गोष्ट कळते ती ही, की इथे काहीही करायचं नाही. 'फाटकासमोर वाहन लावू नये', 'फुले तोडू नयेत', 'जिन्यात थुंकू नये' आणि 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' अशा चार पाट्या पूर्वीपासून होत्याच. गेल्या मे महिन्यात पाचवी लागली : 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून.' आदेश कुणाचा, ते पाटीवर लिहिलेलं नाही. आदेश देणारा कधीच पाटीवर येत नाही. तो नुसता 'वरून' येतो, पावसासारखा.

मी या पाचव्या पाटीच्या सक्त विरोधात आहे. अडचण एवढीच की ती पाटी माझ्यामुळेच लागली. म्हणजे माझ्या गाडीच्या मागच्या काचेमुळे.

आमची गाडी मारुती ८००. ही गाडी १९८३ साली रस्त्यावर आली आणि २०१४ साली कारखान्यातून निघायची बंद झाली. आमची २००९ सालची. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आर.टी.ओ.त नेऊन तिचं आयुष्य आणखी पाच वर्षांनी वाढवून आणलं आहे. आमच्या घरात असा कागद फक्त तिच्याकडेच आहे.

तर मे महिन्यातला रविवार. पुण्यातलं ऊन. खाली पोरांचं क्रिकेट चाललेलं. मी नुकताच आमरसाच्या धुंदीत आडवा झालो होतो. तेवढ्यात खालून 'भस्स' असा आवाज आला आणि पाठोपाठ, मुलांची सुट्टी सुरू झाल्यापासून ऐकू न आलेली गोष्ट ऐकू आली. शांतता!

खाली जाऊन बघतो तो गाडीच्या मागच्या सीटवर कुणीतरी दोन किलो खडीसाखर ओतल्यासारखी दिसत होती. मागे काच नव्हतीच. होती ती नुसती काळ्या रबराची चौकट. गाडीच्या चाकाशी एक पिवळा टेनिसचा चेंडू, अंग चोरून. आणि मुलं चारही खांबांमागे, तशीच.

इथे मला थोडं शास्त्र सांगायला हवं. मला ते काच फुटल्यावर समजलं. तुम्हाला फुकट समजेल. गाडीची पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घालून केलेलं सँडविच असतं. तिला दगड लागला तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागा सोडत नाही. मागची काच एकेरी असते. ती भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि मग एकदम थंड हवेचे झोत मारून निववतात. त्यामुळे बाहेरचा थर आवळला जातो आणि आतला ताणला जातो. आमच्या जुन्या एकत्र कुटुंबासारखंच. बाहेरून बघावं तर काय भक्कम! चार धक्के सहज खाईल. पण कुठे एका कोपऱ्यात तो ताण सुटला की मग तडा वगैरे काही नाही. सगळ्या घराचे एका क्षणात चणे-फुटाणे. हे तुकडे बोथट असतात, माणसाचा गळा कापत नाहीत, हा त्यातला गुण. एकत्र कुटुंबात तेवढी सोय नव्हती.

हे ज्ञान मला त्या वेळी नव्हतं. त्या वेळी मला फक्त चेंडू दिसत होता. चेंडू दिसला आणि काच फुटलेली दिसली, की मधली गोष्ट सांगायला साक्षीदार लागत नाही. मी खांबांमागच्या मंडळींना बाहेर बोलावलं आणि शिस्त, जबाबदारी व दुसऱ्याची मालमत्ता या विषयांवर वीस मिनिटं बोललो. गॅलऱ्या भरल्या होत्या. चांगलं बोललो असावा.

संध्याकाळी दाराची बेल वाजली. तिघंजण उभे होते. सर्वांत धाकट्याच्या हातात पत्र्याचा डबा. "काका, हे आमचे काचेचे," असं म्हणून त्यानं डबा पुढे केला. आत तीनशे पंधरा रुपये होते. त्यातली बरीचशी रक्कम नाण्यांत.

वाचकहो, खरं सांगतो. मी ते पैसे घेतले. 'नको रे बाळांनो' असं तोंडापर्यंत आलं होतं. पण मुलांना वळण लागलं पाहिजे, असा एक उदात्त विचार मध्येच आडवा आला. माणूस स्वतःच्या फायद्याची गोष्ट करतो तेव्हा असा एखादा उदात्त विचार जवळपास असतोच. सौ. एवढंच म्हणाली, "घेतलेत?" मी म्हटलं, "तत्त्वाचा प्रश्न आहे." ती डबा धुवायला घेऊन गेली.

मग सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. एकानं प्लॅस्टिकचा कागद चिकटवायला सांगितलं, एकानं प्लायवूड. तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले, "काच बसवताच कशाला? मागे बघायचं काय असतं? जो मागे आहे तो बघून घेईल!" आमच्या देशाच्या वाहतुकीचं तत्त्वज्ञान अण्णांनी एका वाक्यात सांगून टाकलं. आपल्याकडे आतला आरसा भांग पाडायला आणि बाहेरचा मिटून ठेवायला असतो. तरी मला मागे बघायची सवय आहे. तिचा उपयोग पुढे झाला.

विम्याचाही विचार करून पाहिला. विम्यात काच कधी म्हातारी होत नाही, तिची पूर्ण किंमत धरतात. रबर मात्र काल बसवलेलं असलं तरी निम्म्या किमतीचं. त्यातून पहिले हजार रुपये आपले आपण सोसायचे आणि इतकी वर्षं काही मागितलं नाही म्हणून हप्त्यात जी पन्नास टक्के सूट मिळत होती तिच्यावर पाणी सोडायचं. हिशेब करून बघितला तर विमा कंपनीला घरी जेवायला बोलावून वर दक्षिणा दिल्यासारखं होत होतं. बोनस टिकवायचा तर मागायचं नाही, आणि मागायचं नाही तर विमा कशाला, हा प्रश्न मी कुणालाही विचारला नाही. नाहीतर त्याचाही फॉर्म निघाला असता.

कंपनीच्या वर्कशॉपमधल्या टायवाल्या मुलानं गाडीकडे, डॉक्टर नव्वदीच्या पेशंटकडे बघतो तसं बघितलं. "सर, मॉडेल बंद झालंय. पार्ट मागवावा लागेल. तोवर नवीन गाडी बघता का?" मी काच बघायला गेलो होतो, हा मला गाडी दाखवत होता. मी हात जोडले आणि थेट नाना पेठ गाठली.

ज्याला पुण्यात गाडी चालवायची आहे त्याला नाना पेठ चुकत नाही. बंद पडलेल्या गाड्यांचेसुद्धा अवयव तिथे मिळतात. काचवाल्या मिस्त्रींनी गाडीला लांबूनच ओळखलं. "आठशे काय? आहे की. अठराशे रुपये बसवून. रबर तुमचं वाळलंय, ते नवं घ्या. काळी फिल्म लावू का?" फिल्म मी नको म्हटलं. काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टानं २०१२ सालीच बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून निदान सत्तर टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम त्याच्याही आधीपासून, १९८९ सालापासून आहे. मिस्त्री म्हणाले, "ते बरोबर, पण समदे लावतात." आदेश असा असतो. मोठ्यांनी मोडायचा असला की तो पुस्तकात असतो. पोरांनी पाळायचा असला की पाटीवर येतो.

मागची काच बसवणं ही बघण्यासारखी कला आहे. मिस्त्रींनी आधी काचेला भोवताली नवं रबर चढवलं. मग रबराच्या आतल्या खाचेत एक बारीक नायलॉनची दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं खाली सोडली. साबणाचं पाणी लावलं. काच बाहेरून चौकटीवर टेकवली. बाहेरून तळहातानं थोपटायचं आणि आतून पोऱ्यानं दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावर उलटत जातो आणि काच आपल्या जागी बसते. स्क्रू नाही, खिळा नाही, आरडाओरडा नाही. एक थोपटणारा आणि एक ओढणारा, दोघांची लय जमली पाहिजे. संसारही असाच बसवतात म्हणे.

पण हे सगळं नंतर झालं. आधी जुनं रबर काढताना मिस्त्री थांबले. खालच्या उजव्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"साहेब, काच कशानं फुटली म्हणालात?"

"चेंडूनं. पोरांच्या."

"कसला चेंडू?"

"टेनिसचा."

मिस्त्री हसले. "टेनिसच्या चेंडूनं फुटती व्हय ही? तीस वर्षं काचा बसवतोय. हिच्या पोटावर बुक्की मारा, काय होत नाय. हिचा जीव काठात असतो. हे बघा, इथं पत्रा आतून वर आलाय. काठाला टोचत हुता. त्यात हे ऊन. ती फुटायच्या बेतातच बसली हुती. चेंडू लागला काय आन् माशी बसली काय! डिकीत काय लोखंडी घातलं हुतं का?"

मला घाम फुटला. एप्रिलमध्ये मी कूलरचा लोखंडी स्टँड आणला होता. टेम्पोवाल्यानं तीनशे रुपये सांगितले, म्हणून मी तो डिकीत कोंबला. दार लागेना. पहिल्यांदा आपटलं, लागलं नाही. दुसऱ्यांदा आपटलं, लागलं नाही. तिसऱ्यांदा अंगातली सारी काटकसर एकवटून आपटलं तेव्हा लागलं. स्टँडचा एक पाय नेमका खालच्या उजव्या कोपऱ्यात होता.

टेम्पोचे वाचवलेले तीनशे आणि पोरांकडून घेतलेले तीनशे पंधरा. हिशेब अगदी जुळत होता, वर पंधरा रुपये नफा!

मिस्त्रींनी हातोडीनं पत्रा सरळ केला, काच बसवली, रबरासकट दोन हजार तीनशे पन्नास रुपये घेतले. मी घरी आलो तो सोसायटीची सभा सुरू झालेली. सभा भरते गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत. म्हणजे पोरांच्या खेळपट्टीवर. विषय एकच : 'खेळामुळे होणारे मालमत्तेचे नुकसान (संदर्भ : मागची काच)'. मी उभा राहिलो आणि स्टँडची सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं, सभा गहिवरेल.

सेक्रेटरी म्हणाले, "ते ठीक आहे. पण ठराव मंजूर झाला आहे."

"पण ज्या कारणासाठी झाला ते कारणच खोटं आहे!"

"कारण खोटं असेल, ठराव खरा आहे. शिवाय पाटी रंगवून आली आहे. पेंटरचे पैसे दिलेत."

पाटी रंगवून झाली की न्याय संपतो, हे मला तेव्हा कळलं. तरी मी बोललोच. म्हटलं, ही सोसायटी १९८७ साली बांधली तेव्हा इथे एक फियाट होती आणि चार स्कूटर. बाकी सगळं अंगण होतं आणि त्यात इथे बसलेल्यांपैकी निम्मेजण खेळत होते. आज इथे एकतीस गाड्या आहेत. पोरं गाड्यांमध्ये आलेली नाहीत, गाड्या पोरांमध्ये आल्या आहेत. आधी आलेल्याला मनाई आणि मागून आलेल्याला पिवळे पट्टे आखून जागा, हा कुठला न्याय? हीच मंडळी संध्याकाळी बाकावर बसून 'हल्लीची मुलं मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत' म्हणून हळहळतात. डोकं वर काढलं तर समोर काय दिसतं? तुमची पाटी! काच अर्ध्या तासात बदलून मिळते, नाना पेठेत, अठराशे रुपयांत. आठ-दहा वर्षांचं वय कुठल्या पेठेत बदलून मिळतं ते सांगा.

अण्णांनी टाळी वाजवली. एकच. नंतर कळलं, डास मारला होता.

पाटी लागली. ती अजून आहे. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. मारुती ८०० साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असते. तेवढी जमीन मी रोज संध्याकाळी पाच ते सात मोकळी करतो, म्हणजे गाडी बाहेर रस्त्यावर नेऊन उभी करतो. एवढ्या जागेत क्रिकेट होत नाही, पण एक टप्पा आऊट होतं. सेक्रेटरी गॅलरीतून बघतात. मी त्यांना सांगितलंय, माझ्या गाडीच्या जागेत माझे पाहुणे उभे आहेत.

डबा परत करायला मी स्वतः गेलो. तीनशे पंधरा रुपये, आणि वर दोन नवे चेंडू. तिघांना उभं करून खरं काय झालं ते सांगितलं आणि कान पकडून माफी मागितली. या वेळी वीस मिनिटं लागली नाहीत. धाकट्यानं पैसे मोजून घेतले, चेंडू दाबून बघितला आणि जरा विचार करून विचारलं,

"मग काका, आता 'येथे कूलर आणण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी कधी लावणार?"